आठ शनिवार आणि एक 'मस्तक': कॅम्पातील एका मराठी बायबल अभ्यासवर्गाचे परीक्षण

पुण्याच्या कॅम्पातील एका जुन्या चर्चच्या सभागृहात गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आठ शनिवार चाललेल्या मराठी बायबल अभ्यासवर्गाविषयी हे परीक्षण आहे. विषय एकच होता: नव्या करारातील ज्या वचनांत स्त्रीने सभेत गप्प राहावे, पतीच्या अधीन असावे, डोके झाकावे, पुरुषाला शिकवू नये असे म्हटलेले दिसते, ती वचने नीट वाचायची कशी. वेळ संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, शुल्क १,२०० रुपये, आणि त्यात छापील टिपणवही व चहा. तीसेक माणसे आली होती. त्यांत कॅथलिक होते, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे होते, मेथडिस्ट होते आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांतूनही काही जण आले होते. वर्ग चालवणाऱ्यांचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी मांडायच्या आहेत आणि पुण्यातले मराठी ख्रिस्ती जग इतके लहान आहे की तक्रार लिहिली की ती थेट कोणाच्या तरी जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचते.

माझ्या जाण्याला कारण घडले ते आमच्याच मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या समुदायात. वर्षातून एका रविवारी आमच्याकडे महिला मंडळाकडे उपासना सोपवली जाते. त्या दिवशी प्रार्थना, वाचन, गायन आणि उपदेशही स्त्रियाच करतात. मागच्या वर्षी उपदेशाची पाळी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची होती. उपासना संपल्यावर एका ज्येष्ठ काकांनी, आवाज जराही न चढवता, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय उघडून, स्त्रीने पुरुषाला शिकवू नये असे सांगणारे बारावे वचन त्यांच्यापुढे धरले. "काका, हे मलाही पाठ आहे," एवढेच बाई म्हणाल्या. त्यापुढे काय बोलावे हे त्या दोघांना सुचले नाही आणि भोवती उभ्या असलेल्या आम्हा कोणालाही सुचले नाही. काका कपटी नव्हते आणि बाई बंडखोर नव्हत्या. वचन दोघांनाही मान्य होते. ते वाचायचे कसे हे मात्र दोघांपैकी कोणालाच कोणी शिकवले नव्हते.

वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे शिकवायला दोघे जण होते आणि त्या दोघांचे एकमेकांशी पटत नव्हते. एक निवृत्त पाळक होते. घरात पतीने आणि मंडळीत पुरुष वडिलांनी पुढाकार घ्यावा ही व्यवस्था देवाने निर्मितीतच घालून दिली आहे, तिच्यात स्त्रीची किंमत कमी होत नाही, कामे वेगळी ठरतात, असे त्यांचे मत. दुसऱ्या शिक्षिका स्वतः पाळकपदाची दीक्षा घेतलेल्या होत्या आणि ही बंधने त्या त्या मंडळीतल्या विशिष्ट अडचणीपुरती होती असे त्या मानत. पहिल्या दिवशी त्यांना हाक काय मारायची हाच प्रश्न पडला. 'पाळकीणबाई' म्हणावे तर आपल्याकडे तो शब्द पाळकांच्या पत्नीसाठी राखीव आहे, आणि ज्या स्त्रीने स्वतःच दीक्षा घेतली आहे तिच्यासाठी मराठी मंडळ्यांनी अजून शब्द घडवलेला नाही. शेवटी एक 'सर' झाले, दुसऱ्या 'मॅडम' झाल्या आणि वर्ग पुढे सरकला.

दीक्षेच्या प्रश्नावर वर्गाने फार वेळ घालवला नाही, आणि ते बरेच झाले. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते, चर्च ऑफ साऊथ इंडियाने ती १९७६ पासून दिली आहे, आणि कॅथलिक चर्चमध्ये ती मिळत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये तो निर्णय पुन्हा ठामपणे सांगितला. मात्र कॅथलिक भूमिकेचा मुख्य भार तीमथ्याच्या पत्रावर नसून येशूने निवडलेले बारा जण पुरुष होते यावर आणि परंपरेवर आहे, हे वर्गातल्या एका कॅथलिक भगिनीने इतक्या नेमकेपणाने सांगितले की सरांनीही टिपणवहीत लिहून घेतले.

पहिल्या शनिवारी कोणताही वाद झाला नाही. तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र, सगळे सहा अध्याय, आळीपाळीने मोठ्याने वाचायचे, मध्ये थांबायचे नाही, एवढेच काम होते. वीस मिनिटेही लागली नाहीत. मी हे पत्र कितीदा वाचले असेल, पण एका बैठकीत ऐकले नव्हते, आणि ऐकताना जे लक्षात आले ते सुट्या वचनांत कधीच आले नव्हते: पत्र पहिल्या ओळींपासून, तीमथ्य ज्या इफिस शहरात होता तिथल्या खोट्या शिकवणुकीविषयी धास्तावलेले आहे, आणि घरोघर फिरणाऱ्या, नको ते बोलणाऱ्या तरुण विधवांची काळजी त्यात पाचव्या अध्यायापर्यंत पुरली आहे. दुसऱ्या अध्यायातले बारावे वचन त्या सगळ्या चिंतेच्या मधोमध बसलेले आहे. यावरून त्याचा अर्थ काय ठरतो हा पुढचा प्रश्न. पण काकांनी आणि बाईंनी ते जसे सुटे करून हाती धरले होते तसे ते लिहिले गेले नव्हते, एवढे त्या संध्याकाळी कळले. माझे १,२०० रुपये तिथेच वसूल झाले असे म्हणायला हरकत नाही.

दुसरा शनिवार करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायाचा, म्हणजे आपल्या भाषेत पदराचा. वर्गात अर्ध्याअधिक बायकांनी प्रार्थनेच्या वेळी पदर किंवा ओढणी डोक्यावर घेतली होती आणि उरलेल्यांनी घेतली नव्हती, त्यामुळे विषय डोळ्यांसमोरच होता. मॅडमनी सांगितलेली एक गोष्ट मला नवी होती: रोमन पुरुष यज्ञविधी करताना झग्याचा पदर डोक्यावर ओढून घेत, आणि करिंथ तेव्हा रोमन वसाहत होती. म्हणजे ही पत्रे ज्याच्या नावावर आहेत तो प्रेषित पौल पुरुषांना डोके उघडे ठेवायला सांगतो तेव्हा तोही तिथल्या एका रूढ चालीला नाही म्हणतो आहे. गोष्ट फक्त बायकांच्या पदराची राहत नाही. पूजेला टोपी घालून बसणारे पुरुष ज्यांनी पाहिले आहेत अशा आपल्या वाचकांना यात समजावून सांगण्यासारखे फारसे काही नाही. दुसरी गोष्ट दहाव्या वचनाची. तिथे ग्रीकमध्ये स्त्रीच्या मस्तकावर 'अधिकार' असावा एवढेच आहे. 'चिन्ह' हा शब्द भाषांतरकारांनी अर्थ लागावा म्हणून घातला आहे. तो अधिकार कोणाचा, तिचा स्वतःचा की तिच्यावर असलेल्या दुसऱ्याचा, यावर सर आणि मॅडम यांच्यात खरी खडाजंगी झाली. 'देवदूतांकरता' म्हणजे काय, यावर मात्र दोघांनीही हात टेकले, आणि ते त्यांनी कबूल केले हे मला आवडले. पाचव्या वचनात मात्र स्त्री सभेत प्रार्थना करते व संदेश देते, म्हणजे देवाच्या प्रेरणेने बोलते, हे पौल गृहीत धरूनच चालतो. डोके झाकलेले की उघडे एवढाच त्याचा मुद्दा आहे.

हेच पाचवे वचन पुढच्या शनिवारी कामी आले. त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात, चौतिसाव्या आणि पस्तिसाव्या वचनांत, स्त्रियांनी मंडळ्यांत गप्प राहावे, काही विचारायचे असेल तर घरी पतीला विचारावे असे येते. तीन अध्यायांपूर्वी ज्या स्त्रीला संदेश देताना डोके झाकायला सांगितले, तिलाच इथे बोलू नको म्हणायचे, हे जुळायचे कसे? वर्गात तीन उत्तरे मांडली गेली. पहिले असे की ही दोन वचने मुळात समासातली टीप असावीत आणि नंतर मजकुरात शिरली असावीत. पश्चिमेकडील काही हस्तलिखितांत ती चाळिसाव्या वचनानंतर आढळतात, यावरून ती जागा बदलत होती असे दिसते. त्यावर सरांनी लगेच भर घातली की ही वचने मुळीच नसलेले एकही हस्तलिखित सापडलेले नाही, आणि मॅडमनीही ते मान्य केले. दुसरे उत्तर, पौल इथे करिंथकरांचेच म्हणणे उद्धृत करतो आणि छत्तिसाव्या वचनातल्या 'देवाचे वचन तुमच्यापासूनच निघाले काय?' या चिडलेल्या प्रश्नाने ते खोडून काढतो. तिसरे, इथले गप्प राहणे संदेशांची पारख करण्याच्या वेळेपुरते, किंवा मध्येच प्रश्न विचारून सभा विस्कळित करण्यापुरते आहे.

मला तिसरे उत्तर सर्वांत कमी ओढाताणीचे वाटले, आणि त्याचे कारण एक साधी गोष्ट आहे. 'गप्प राहावे' हे ग्रीक क्रियापद त्या अध्यायात तीनदा येते. अर्थ सांगणारा कोणी नसेल तर अन्य भाषेत बोलणाऱ्याने गप्प राहावे. दुसऱ्याला प्रकटीकरण झाले तर पहिल्या संदेष्ट्याने गप्प राहावे. आणि मग स्त्रियांनी. पहिल्या दोघांना कोणी जन्मभर मुके केले नाही. तिसऱ्या ठिकाणी आपण तसे करतो, आणि असे करण्यात व्याकरणाचा हात नाही. हे वाक्य वर्गात कोणी म्हटले नाही, ते माझे आहे. परंतु तीन ठिकाणे दाखवून दिली ती वर्गाने, आणि हे श्रेय त्यांचेच.

चौथ्या शनिवारी इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय निघाला आणि मराठीचा प्रश्न पहिल्यांदा समोर आला. बाविसाव्या वचनात स्त्रियांनी पतीच्या 'अधीन' असावे असे आपण वाचतो, परंतु इ.स. २०० च्या सुमाराच्या एका पॅपिरसात आणि व्हॅटिकनमधील प्रसिद्ध जुन्या हस्तलिखितात त्या वचनाला स्वतःचे क्रियापदच नाही. ते वर एकविसाव्या वचनातून घ्यावे लागते, आणि तिथे ते 'एकमेकांच्या अधीन असा' असे सर्वांना उद्देशून आहे. आपल्या छापील बायबलांत मात्र अनेकदा नेमका याच दोन वचनांमध्ये मथळा टाकून परिच्छेद तोडलेला असतो. मी घरी येऊन आमच्याकडची तीन जुनी-नवी बायबले उघडून पाहिली. दोन ठिकाणी मथळा तिथेच होता. मथळे प्रेषितांनी लिहिलेले नाहीत, हे आपण शब्बाथ शाळेत तरी मुलांना सांगायला हवे.

मग 'मस्तक'. पती पत्नीचे मस्तक आहे, यातला ग्रीक शब्द अधिकारी या अर्थाचा की उगम या अर्थाचा, हा वाद विद्वानांत अनेक दशके चालू आहे, आणि दोन्ही बाजूंची उदाहरणे वर्गात मांडली गेली. दोन्हीकडची उदाहरणे मोजून देण्यात जो तासभर गेला तो मला कोरडा वाटला, कारण ग्रीक न येणाऱ्याला दोन्ही याद्या सारख्याच पटतात. त्याऐवजी मराठी कानाला 'मस्तक' कसे ऐकू येते याचा विचार कोणी केला असता तर अधिक उपयोग झाला असता. आपण साहेबाला मस्तक म्हणत नाही. अधिकाऱ्यासाठी आपल्याकडे 'प्रमुख' आहे, 'मुख्य' आहे, 'कारभारी' आहे. आणि गंमत अशी की शिधापत्रिकेवरचा कुटुंबप्रमुख २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरातली अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्री ठरवली आहे. 'मस्तक' म्हटले की मराठी माणसाला देह आठवतो. मस्तक संतांच्या पायी ठेवतात, ते धडापासून तुटले तर दोन्ही संपतात. पौलाने त्या परिच्छेदात देहाचीच उपमा शेवटपर्यंत चालवली आहे आणि पतीला एकच काम सांगितले आहे: प्रीती करावी, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तशी. मस्तकाने हुकूम सोडावेत असे वाक्य तिथे नाही, हे खुद्द सरांनी, म्हणजे पतीच्या पुढाकारावर विश्वास असलेल्या माणसाने, दोनदा बजावून सांगितले.

आणि 'मंडळी' या शब्दाकडे तर कोणाचेच लक्ष गेले नाही! जुन्या मराठीत नवरा बायकोचे नाव घेत नसे. 'आमची मंडळी माहेरी गेली आहे' असे तो म्हणे. ख्रिस्ताची वधू असलेल्या समुदायासाठी आपल्या भाषांतरकारांनी जो शब्द निवडला, तोच शब्द आपले आजोबा घरातल्या बाईसाठी वापरत होते. हा योगायोग असेलही. पण इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय ज्या भाषेत आपोआप असा दुहेरी वाजतो, त्या भाषेत तो शिकवताना ही गोष्ट न सांगणे म्हणजे हातातले वाद्य खाली ठेवून त्याचे वर्णन करण्यासारखे आहे.

इथे माझी मुख्य तक्रार येते. टिपणवही इंग्रजीवरून केलेली होती आणि ते पानोपानी जाणवत होते. उदाहरणांत नवरा बाग कापतो, बायको मुलांना गाडीतून फुटबॉलला सोडते, आणि निर्णय कोणी घ्यावा असा प्रश्न येतो तेव्हा घरात दोघेच असतात. आपल्याकडच्या किती घरांत सासू नाही? किती घरांत पगार तिचा आणि सही त्याची असा प्रकार चालतो? 'अधीन' या शब्दाचा खरा भार सासरच्या उंबऱ्याआत कोणावर पडतो, याविषयी ऐंशी पानांत एक ओळ नव्हती. त्यातून काही वाक्ये अशी होती की मराठी वाचून आधी मनात त्यांचे इंग्रजी करावे आणि मग अर्थ लावावा. ज्यांनी ग्रीक क्रियापदांसाठी एवढे कष्ट घेतले, त्यांनी मराठीसाठी त्याच्या निम्मे तरी घ्यायला हवे होते.

दुसरी तक्रार गंभीर आहे. याच चौथ्या शनिवारी मागच्या रांगेतल्या एका ताईंनी हळू आवाजात विचारले की नवरा हात उचलत असेल तर अधीन राहायचे म्हणजे काय करायचे. सर आणि मॅडम यांचे इथे मात्र एकमत होते आणि उत्तरही स्पष्ट होते: मार सोसणे हा अधीनतेचा भाग नाही, पौलाने पतीला पत्नीवर स्वतःच्या देहासारखी प्रीती करायला सांगितले आहे, आणि पोलिसांत जाणे किंवा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा आधार घेणे यात वचनाचा भंग होत नाही. उत्तर योग्य होते, पण ते साडेसातला दहा मिनिटे उरलेली असताना दिले गेले आणि पुढच्या आठवड्यात त्याकडे कोणी परत वळले नाही. ज्या वर्गात एका ग्रीक शब्दाला पूर्ण तास मिळतो त्यात या प्रश्नाला निदान अर्धा तास आणि मदतीसाठी एखादा संपर्क टिपणवहीत छापलेला मिळायला हवा होता. त्या ताई पुढच्या शनिवारी आल्या नाहीत.

पाचव्या आणि सहाव्या शनिवारी तीमथ्याचे पत्र पुन्हा हाती आले. अकराव्या वचनातले आज्ञार्थी क्रियापद 'शिकावे' हे आहे, म्हणजे आज्ञा आहे ती स्त्रीने शिकण्याची. हे मॅडमनी दाखवल्यावर मला आमच्या मुख्याध्यापिकाबाई आठवल्या. 'निवांतपणा' असा अर्थ असलेला तिथला शब्द, विशेषणाच्या रूपात, त्याच अध्यायाच्या दुसऱ्या वचनात सर्व विश्वासणाऱ्यांच्या शांत आयुष्यासाठी येतो. बाराव्या वचनात पुरुषावर अधिकार चालवणे असे ज्याचे भाषांतर होते, ते ग्रीक क्रियापद संपूर्ण नव्या करारात त्या एकाच ठिकाणी आहे, आणि त्यात दडपण्याची, सत्ता बळकावण्याची छटा आहे की नाही यावर अर्थ ठरतो. चौथ्या शतकातल्या योहान ख्रिसोस्तोम या ग्रीक धर्मोपदेशकाने तेच क्रियापद वापरून पतींना सांगितले की पत्नी अधीन आहे म्हणून तुम्ही तिच्याशी असे वागू नका. म्हणजे निदान त्याच्या कानाला तरी हे चांगले काम वाटत नव्हते. सरांचे उत्तरही कच्चे नव्हते. पुढच्याच वचनात पौल आदाम आधी घडवला गेला असे म्हणून कारण निर्मितीपर्यंत नेतो, तेव्हा हे फक्त इफिसापुरते होते असे म्हणणे सोपे नाही, असे ते म्हणाले. या मुद्द्यावर मला अजूनही समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. 'बाळंतपणाच्या द्वारे तारण' या पंधराव्या वचनावर पाच मते सांगितली गेली. पाचही मला सारखीच लंगडी वाटली.

एक गोष्ट मात्र दोघांनीही टाळली. हे पत्र पौलाने स्वतः लिहिले की त्याच्या नावाने नंतर कोणी लिहिले, यावर अभ्यासकांत मोठा मतभेद आहे आणि अनेक जण दुसरे मत धरतात. वर्गात त्याचा उल्लेखही झाला नाही. विश्वास डळमळेल म्हणून टाळले असेल, पण तीस प्रौढ माणसे पैसे देऊन अवघड वचने समजून घ्यायला येतात तेव्हा त्यांना एवढे सांगण्याइतका विश्वास त्यांच्यावर ठेवायला हरकत नव्हती.

सातवा शनिवार मला सर्वांत आवडला, कारण त्या दिवशी वाद कमी आणि माणसे जास्त होती. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आपण सलामांची यादी म्हणून उरकतो. इथे एकेक नाव थांबून वाचले. किंख्रियाच्या मंडळीची फीबी 'सेविका' होती असे आपण वाचतो आणि मराठी मनात लगेच अंगणवाडी सेविका उभी राहते, परंतु तोच ग्रीक शब्द पौल स्वतःसाठी आणि अपुल्लोस या उपदेशकासाठी वापरतो. युनिया हे स्त्रीचे नाव, आणि ती प्रेषितांमध्ये नामांकित. मध्ययुगानंतर कित्येक टीकाकारांनी त्या नावाचा पुरुष केला, पण तसे पुरुषाचे नाव प्राचीन लेखांत आढळत नाही, आणि ख्रिसोस्तोमने तर तिला स्त्री समजूनच तिची वाखाणणी केली होती. सरांनी तिथेही आपले मत मांडले: 'प्रेषितांना ठाऊक असलेली' असा अर्थही होऊ शकतो. प्रिस्किल्ला व अक्विला या दांपत्याचा उल्लेख नव्या करारात सहा वेळा येतो आणि चार वेळा तिचे नाव आधी आहे. 'श्री. व सौ.' लिहिण्याची सवय असलेल्या समाजात हा क्रम उलटा लिहून पाहा, पत्रिका छापणारा फोन करून विचारील. याच प्रिस्किल्लेने अपुल्लोसाला, एका विद्वान पुरुषाला, देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला, आणि तोही इफिसात, म्हणजे तीमथ्याला पत्र गेले त्याच गावात.

त्या दिवशी चहाच्या वेळी, कयानी बेकरीची श्रूजबरी बिस्किटे फिरत असताना, मी पंडिता रमाबाईंचे नाव काढले. सात आठवडे पुण्यात हा विषय चालला होता आणि त्यांचे नाव एकदाही आले नव्हते! १८८२ साली याच शहरात आर्य महिला समाज काढणाऱ्या, १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई चेल्टनहॅमला शिकवत असताना त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे अशी कल्पना निघाली, तेव्हा चर्चमधल्या वरिष्ठांनी हरकत घेतली. त्यावर रमाबाईंनी पत्रातून आश्चर्य व्यक्त केले की माझ्या आईने किंवा मी तरुणांना शिकवण्याला माझ्या वडिलांचा आणि पतीचा कधी आक्षेप नव्हता, तो इंग्रजांना असावा. ज्या वडिलांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष पत्करला, त्यांची मुलगी हे लिहीत होती. पुढे केडगावला त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमातल्या स्त्रियांनीच त्याचे छपाईचे खिळे जुळवले. रमाबाई १९२२ साली वारल्या आणि ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. स्त्रीने पुरुषाला वचन शिकवावे की नाही यावर आपण वाद घालतो, आणि पुण्याहून रेल्वेने जेमतेम तासा-दीड तासावर एका स्त्रीने पुरुषांच्या हाती वचनच दिले होते. मॅडम म्हणाल्या, "हे टिपणवहीत यायला हवे होते." सरांनी मान हलवली आणि रमाबाईंच्या भाषांतरातला हा अध्याय कसा आहे हे पाहून येतो म्हणाले. आठव्या शनिवारी ते पाहून आले नव्हते.

आठव्या शनिवारी उत्पत्तीचा दुसरा अध्याय झाला. हव्वेला 'साहाय्यक' म्हटले म्हणून ती दुय्यम, असे आपल्याकडे लग्नाच्या उपदेशात सर्रास ऐकू येते. परंतु तो हिब्रू शब्द जुन्या करारात बहुतांश ठिकाणी स्वतः देवासाठी आलेला आहे. मराठीत हे पडताळायला हिब्रू लागत नाही. एकशेएकविसावे स्तोत्र ज्याला पाठ आहे त्याला 'मला साहाय्य कोठून येईल' हा प्रश्न आणि त्याचे उत्तर ठाऊक आहे. वर्गात हे सांगितल्यावर दोन-तीन जणांनी नकळत ते स्तोत्र पुटपुटायला सुरुवात केली. ख्रिस्तात पुरुष व स्त्री हा भेद नाही असे सांगणारे, गलतीकरांस पत्रातले तिसऱ्या अध्यायाचे अठ्ठाविसावे वचन शेवटच्या पंधरा मिनिटांत गुंडाळले गेले, ते नसते घेतले तरी चालले असते.

सोयींविषयी थोडक्यात. सभागृहात आवाज घुमतो, मागच्या तीन रांगांना मॅडमचे बोलणे ऐकू येत नव्हते आणि पंखा बंद केला तर डास येत होते. शनिवारी संध्याकाळी महात्मा गांधी रस्त्याच्या आसपास गाडी लावायला जागा मिळत नाही. पूलगेटला बसने उतरून चालत येणे सोपे. चहा वेळेवर आणि चांगला.

हा वर्ग कोणी करावा? ज्याला आठ आठवड्यांत ठाम उत्तर हवे आहे त्याने करू नये, कारण सर आणि मॅडम शेवटच्या दिवशीही आपापल्या जागी होते. ज्याला काकांसमोर किंवा बाईंसमोर निरुत्तर उभे राहावे लागले आहे त्याने जरूर करावा. आमच्या काकांना मी पुढच्या वेळी सोबत या म्हटले आहे. ते म्हणाले, वाचायला सहा अध्याय एकदम देतात तर येतो. पुढचा वर्ग उन्हाळ्याआधी घेण्याचा विचार आहे असे सांगण्यात आले. नाव नोंदवताना टिपणवही मराठीत नव्याने लिहिली आहे की जुनीच आहे, आणि चौथ्या शनिवारी किती वेळ ठेवला आहे, या दोन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात.